बिनबोलीची अद्रक

"कुदळ फेकली म्हणे हिनं! भर वावरात, सरांच्या म्होरं कुदळ फेकली आन बांधावर जाऊन बसली. कडूबाईच्या घरातली पोर अद्रक काढायला नाय म्हणती, एवढंच ऐकायचं राहिलं व्हतं माझं!"

कडूबाई हे सुनेला सांगत होती, पण आवाज असा लावला होता की बुद्धविहारामागं उभ्या असलेल्या टेम्पोपर्यंत पोचावा. पोचला. टेम्पोत चढता चढता बायका थबकल्या आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, हळू बोला," सुलेखानं भाकर उलथता उलथता म्हटलं. "सारी आळी ऐकती."

"ऐकू दे की! मी काय चोरी केली? कामाची चोरी हिनं केली, तुझ्या लेकीनं."

निशा उंबऱ्यावर बसली होती. मोबाईलवर अंगठे चालले होते. तिनं मान वर केली नाही, आणि कडूबाईला तेच जास्त झोंबलं. भांडायला समोरून शब्द लागतो. ही पोरगी शब्दच देत नव्हती.

घाटापासून कन्नडपर्यंत अद्रकीची काढणी निघाली की कडूबाईच्या टोळीला बोलावणं यायचं. नवरा कडुबा गेला त्या साली तिनं टोळी धरली. शाळा दुसरीतच सुटलेली. सही यायची, पण ती करताना जीभ दातांत धरावी लागायची. मात्र बांधावर उभी राहिली की बागाईतदारही टोपी नीट करायचा. तिचा रिवाज साऱ्या शिवाराला ठाऊक होता. आधी बोली, मग वावरात पाय. रोज किती, पाणी कुणाचं, सुट्टी कधी, हे मालकानं सगळ्या बायकांच्या देखत तोंडानं बोलायचं. आणि मालकानं कुणाला कामावरून उठवलं तर दुसरा रिवाज, त्याच्याहून कडक. एकीला बांधावर बसवलं, की अख्खी टोळी बांधावर.

निशा फाट्यावरच्या कम्युनिटी कॉलेजात जायची. शेतमालाच्या प्रक्रियेचा कोर्स. अद्रकीची सुंठ कशी करायची, सॉस कसा टिकवायचा, बाटल्या कशा बंद करायच्या. सहा महिन्यांपूर्वी तिनं सांगितलं होतं, "आजी, तुझी टोळी अद्रक काढती आन व्यापारी नेतो. मी सुंठ करून विकीन." कडूबाई तेव्हा नुसती हसली होती, पण पुढं महिनाभर टेम्पोत बायकांना तेच सांगत बसली होती.

आता परीक्षा तोंडावर आली होती आणि कोर्स चालवणाऱ्या पुंडलिक सरांनी पोरीला एका वर्षासाठी काढून टाकलं होतं. बिडकीनच्या कंपनीत असलेल्या राजकुमारनं, निशाच्या बापानं, फोनवर दोनच वाक्यं सांगितली होती, "वर्ष घरी बसवून ठेवायचं नाय. पुढच्या सुट्टीत स्थळ बघतो."

"सांग की गं, काहून फेकली कुदळ?" कडूबाईनं पुन्हा डिवचलं.

"तिथं शिकवत नव्हते, आजी."

"मग काय करत व्हते?"

"तुला सांगता येणार नाय." निशानं मोबाईल उंबऱ्यावर पालथा ठेवला. "आन मी तक्रार केलीय विद्यापीठाकडं. कसं व्हतंय ते व्हऊ दे."

"तक्रार! सरांची! आता तर ते तुला दारातबी उभी करायचे नाय!"

टेम्पोवाल्या कमरोद्दीननं हॉर्न वाजवला. "कडूबाई, चलो ना! धूप सर पे आ री!"

लीलाबाई टेम्पोतूनच ओरडली, "राहू द्या कडूबाई, पोरगी मॅडम झाली. मॅडमच्या हाताला माती लागती व्हय?"

बायका हसल्या. कडूबाईही हसली, पण ते हसू दिवसभर तिला टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं टोळी लीलाबाईच्या ताब्यात दिली. ठेवणीतलं पातळ नेसली. शेजारच्या वावरातून कोवळी कणसं आणून आगटीत भाजली, गरम हुरडा चोळून डब्यात भरला आणि वर लसणाची चटणी ठेवली. मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

कॉलेजात तिला पायरीवर बसवलं. आत खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी पायरीवर. ऊन पायावरून गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून मांडीवर. पोरं येता-जाता बघत होती. एका खोलीचं दार उघडं होतं. आत मोठालं यंत्र उभं होतं, त्याचं प्लास्टिकही कुणी काढलं नव्हतं, आणि वर चिमणीनं घरटं केलं होतं.

शेवटी पुंडलिक सर बाहेर आले. तिच्या राजकुमारच्याच वयाचे असतील.

"काय बाई, कुणाची कोण?"

"निशाची आजी, साहेब." कडूबाई उठली. गुडघा कटकन वाजला. "लेकराचं चुकलं. पदरात घ्या." आणि तिनं डबा पुढं केला.

सरांनी झाकण उघडून मूठभर हुरडा तोंडात टाकला. चावता चावता म्हणाले, "तुमची नात पुढारी झालीये. बाकीची पोरं बिघडवती."

"मी माफी मागते तिच्या वतीनं."

"माफीनं काय होतं?" सरांनी चटणीत बोट बुडवलं. "टोळी तुमचीच ना ती? आमच्या संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांच्या वावरात अद्रक पडून आहे. पोरांच्यानं उरकत नाही, व्यापारी बोंबलतो. एक दिवस टोळी आणा. मग साहेबांच्या कानावर घालतो पोरीचं."

"आणते, साहेब."

फाटकाबाहेर आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण रोज विचारला नाही, पाण्याचं विचारलं नाही. साऱ्या जन्मात पहिल्यांदा कडूबाई बिनबोलीची निघाली होती. पण नातीचं वर्ष वाचत असेल तर एक दिवस बिनबोलीचा गेला म्हणून काय झालं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "मिटवून आले मी. जा आता कॉलेजात."

निशाच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच थांबला. "काय मिटवलं?"

"माफी मागितली. हुरडा दिला. टोळी आणते म्हणून सांगितलं."

"आजी!" पोरगी एकदम उभी राहिली. "कुणी सांगितलं व्हतं तुला? सुनावणी लागलीय माझी गुरुवारी! विद्यापीठाच्या मॅडम येणार हायेत. ऐकून घेतल्याबिगर काढताच येत नाय कुणाला, नियम हाय तसा. आन तू जाऊन माझी चूक कबूल करून आलीस?"

"सुनावणी कोर्टात असती."

"कॉलेजातबी असती! आमालाबी हक्क असतेत!"

"मोठे आले हक्क! लेकरानं सरांपुढं वाकलं तर हाडं मोडत नाय त्याची."

निशानं तांब्या आपटला नाही, हळूच खाली ठेवला. परसात गेली. सुलेखा सासूकडं न बघता म्हणाली, "आत्याबाई, तुमी कव्हा वाकल्या व्हत्या कुणापुढं?"

कडूबाईनं सुनेला भाकर करपल्याचं सांगितलं. भाकर करपली नव्हती.

सकाळी टेम्पो सेक्रेटरीच्या वावराकडं वळला तशी लीलाबाईनं विचारलं, "बोली काय झाली, कडूबाई?"

"झाली."

"किती?"

"म्हणलं ना झाली!"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. कडूबाईनं डोक्याचा टॉवेल पुढं ओढून घेतला.

वावर मोठं होतं. लांबलचक बेडांवर पाला वाळून पिवळा पडलेला, ठिबकच्या नळ्या गोळा करून बांधाला टाकलेल्या. आणि त्या बेडांवर निळ्या सदऱ्यातली कॉलेजची पोरंपोरी वाकलेली. कुदळ धरायची कशी हे निम्म्यांना कळत नव्हतं. घाव गड्ड्यावर बसायचा आणि अद्रक दुभंगायची. माती झाडता झाडता पोरींच्या हातांची सालटं निघाली होती, त्यात अद्रकीचा रस जाऊन आग होत होती. एक पोरगी तोंडानं हातावर फुंकर घालत होती. निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत पुंडलिक सर बसले होते. त्यांच्याजवळ पाण्याचा जार होता, पोरांजवळ नव्हता.

कडूबाई बांधावरच थांबली. अद्रकीचा तो वास तिच्या ओळखीचा. पण आज तो नाकात जाऊन बसला आणि खाली उतरेना.

बेडाच्या टोकाला एक पोरगी गोणी ओढत होती. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला ओढणीची चिंधी गुंडाळलेली, चिंधीवर माती आणि मातीखाली काळं पडलेलं रक्त. ती निशाची मैत्रीण सुमय्या होती. कमरोद्दीनची लेक.

कमरोद्दीन टेम्पोचं फाळकं पाडत होता. त्याला ती दिसली आणि फाळकं हातातून सुटून धाडकन आपटलं.

"ये क्या है, बेटा? तू तो बोली थी, जिने से गिरी!"

सुमय्यानं गोणीचं तोंड घट्ट धरलं. मग हुंदक्याबरोबर सगळं बाहेर आलं. "अब्बा, कुदळ लगी. बहोत खून निकला. सर बोले, गोणी भरे बिगर जाने का नै. निशा बोली, पहले दवाखाने ले चलो. तो सर बोले, जाती तर जाऊ दे, गैरहजेरी मांडतो, परीक्षेला बसू देणार नै. तव्हा निशाने कुदळ फेंकी. बोली, हिची मांडता तर माझीबी मांडा. आन बांधावर बसली. बाकी कोई नै बैठा, कडूनानी. मी पण नै बसली. सब डर गये."

"मेरेकू क्यूं नै बोली?"

"तुम कॉलेज बंद करते ना माझं! मैंने निशा को कसम डाली, घर में नै बोलने का."

कमरोद्दीननं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. सेक्रेटरीचा सारा माल त्याच्याच टेम्पोनं जायचा.

एकीला बांधावर बसवलं, की अख्खी टोळी बांधावर. हा रिवाज पोरीनं कुठून उचलला ते तिला कुणी सांगायला नको होतं. फक्त पोरीच्या पाठीमागं टोळी नव्हती. आणि ज्या दिवशी ती एकटी बांधावर बसली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सख्खी आजी साऱ्या आळीला ऐकवत तिला कामचोर म्हणाली होती.

"बाई, उभ्या काय राहिल्या?" सर खुर्चीतूनच ओरडले. "लागा कामाला!"

"सर," कडूबाई म्हणाली. "ह्या लेकरांची बोली कुणी केली?"

"कसली बोली? प्रॅक्टिकल आहे हे. अभ्यास आहे त्यांचा."

"अभ्यास तर सुंठ करायचा व्हता म्हणे. मशीनवर तर तुमच्या चिमण्या शिकतेत."

निळ्या सदऱ्यांतून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तोंड सांभाळून बोला. नातीचं काय ठरलंय लक्षात आहे ना?"

"हाय की. ते ठरलेलं मी मोडते." कडूबाईनं डोक्याचा टॉवेल सोडला, बांधावर पसरला आणि त्यावर मांडी घालून बसली.

टोळीत एवढं झालं की पुढं काही सांगावं लागत नाही. लीलाबाईनं आपला टॉवेल पसरला. मग दुसरीनं, मग तिसरीनं. बांधावर बायकांची रांग लागली. कुणी तंबाखूची पिशवी काढली, कुणी पाय लांब केले. कमरोद्दीननं टेम्पोची किल्ली काढून खिशात घातली आणि रांगेच्या टोकाला येऊन बसला.

"एकेकाचं वर्ष घालवीन!" सर पोरांकडं वळून किंचाळले, कारण एका पोरीनं गोणी टाकून दिली होती. ती सुमय्या होती. लंगडत आली आणि बापाच्या शेजारी बसली. मग हातावर फुंकर घालणारी आली. मग एकदम सगळेच निघाले, बेड तुडवत, आणि बांध निळा झाला. वावरात एकटे पुंडलिक सर उभे राहिले, भोवती अर्धवट काढलेली अद्रक. लीलाबाईनं पिंक टाकली आणि म्हणाली, "सर, आता तुमी करा प्रॅक्टिकल. आमी हजेरी घेतो."

गुरुवारी सुनावणीला निशाला एक माणूस सोबत न्यायची परवानगी होती. सुलेखा निघाली होती. कडूबाई म्हणाली, "मी जाते." निशा म्हणाली, "तिथं माफी मागायची नाय, आजी." "नाय मागत." एवढंच बोलणं झालं.

या वेळी पायरीवर कुणी बसवलं नाही. खुर्ची मिळाली. टेबलापलीकडं विद्यापीठाच्या मॅडम होत्या, दुसऱ्या कॉलेजातले एक वयस्क सर, इथले प्राचार्य आणि पोरांची प्रतिनिधी म्हणून एक मुलगी. प्राचार्यांचं लक्ष सारखं दाराकडं, जणू सेक्रेटरी येऊन सोडवतील.

पुंडलिक सर तयारीनं आले होते. शिस्त, उद्धटपणा, चिथावणी, असं बरंच बोलले. मग हातातला हुकमाचा पत्ता टाकावा तसं म्हणाले, "आणि मॅडम, चूक झाली नव्हती तर ह्यांच्या आजी माझ्या दारात माफी मागायला का आल्या? विचारा त्यांना. डबा घेऊन आल्या होत्या."

निशाचा चेहरा उतरला. मॅडमनी कडूबाईकडं वळून विचारलं, "आजी, खरं आहे?"

खोटं बोलायचं म्हटलं असतं तर जमलं असतं. कडूबाईला खोटं बोलायला कधी जड गेलं नव्हतं. पण ती उभी राहिली.

"खरं हाय. गेले व्हते. हुरडा दिला, हात जोडले. का म्हणाल तर मॅडम, आमच्यात मालकाचं काम बिघडलं की मुकादमानं जाऊन हात जोडायचे, आसं हाय. मला वाटलं, हे सर पोरीचे मालक हायेत. मी अडाणी, मला फरक कळला नाय. आता तुमीच सांगा. हे हिचे मालक, का मास्तर? मालक आसतील तर माझी माफी धरा आन पोरीला काढा. पण मग ह्यांनी बोली काहून केली नाय, तेबी विचारा. आन मास्तर आसतील, तर मास्तरांनी वावरात लेकराच्या पायात कुदळ घुसल्यावर गोणी भरायला लावायची, हे कोणत्या कोर्सात शिकवतेत?"

वयस्क सरांनी चष्मा काढून पुसला.

दाराशी उभ्या असलेल्या सुमय्यानं परवानगी न विचारता आत पाऊल टाकलं. पायाची पट्टी सोडली आणि पाय पुढं धरला. कमरोद्दीन तिच्या मागं उभा होता. "मॅडम, मैं बाप हूं इसका," तो म्हणाला. "मला कुणी फोनबी केला नाय."

मॅडमनी खाली वाकून जखम बघितली. मग म्हणाल्या, "निशा, तुला काही सांगायचंय?"

निशा उठली. "मला काढल्याचं कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. मी घरी होते. काय झालं व्हतं, असं मला कुणी एकदाबी विचारलं नाही. मी चुकले असेन, तरी आधी मला विचारायला पाहिजे व्हतं. एवढंच."

"सर, काढण्याआधी तुम्ही हिचं ऐकून घेतलं होतं?"

"त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतंच, मॅडम," पुंडलिक सर सहज बोलून गेले.

प्रतिनिधी मुलीनं मान वर केली. प्राचार्यांनी डोळे मिटले. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मग आमच्याकडंही विचार करण्यासारखं काही उरलं नाही," त्या म्हणाल्या.

बाकीचं झरझर झालं. निशाचं निलंबन त्याच जागी रद्द. परीक्षेला बसायचं, हजेरी पूर्ण धरायची. बांधावर बसलेल्या एकाही पोराचं वर्ष जाणार नाही. सुमय्याच्या पायाचा इलाज कॉलेज करील. प्रॅक्टिकल कॉलेजच्या आवारात, त्या यंत्रावर, शिकवणारा समोर उभा असतानाच होईल. कुणाच्या खासगी वावरात विद्यार्थी जाणार नाहीत. चौकशी होईपर्यंत पुंडलिक सरांकडं कोर्स राहणार नाही. आणि सेक्रेटरींबद्दलचा अहवाल वर जाईल.

"वर म्हंजी कुठं?" कडूबाईनं विचारलं.

"विद्यापीठात, आजी."

"जाऊ द्या. पण वर जाऊन झोपला नाय पाहिजे. झोपला तर मी टोळी घेऊन येईन उठवायला."

मॅडम हसल्या. पुंडलिक सर निघाले तेव्हा त्यांच्या वाटेत कडूबाईची खुर्ची होती. ती उठली नाही. सर भिंतीला घासून गेले.

बाहेर आवार भरलं होतं. निळे सदरे, टोळीच्या बायका, फाट्यावरचे रिकामे गडी. कमरोद्दीननं टेम्पोचा हॉर्न जो दाबून धरला, तो सोडेना. यंत्राच्या खोलीत पोरांनी घुसून प्लास्टिक टराटरा फाडलं. चिमणीचं घरटं मात्र सुमय्यानं अलगद उचलून खिडकीत ठेवलं. पोरींनी निशाला मधे घेतलं. लीलाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि ओरडली, "मॅडम! आमच्या मॅडम!" आज त्यात टोमणा नव्हता.

गर्दीतली एक अनोळखी बाई, बहुतेक कुणा पोराची आई, कडूबाईचा हात धरून म्हणाली, "तुमीच का हो निशाची आजी? लई नाव ऐकलं पोरीचं."

कडूबाईनं मान हलवली. कन्नडपर्यंतच्या शिवारात आजवर कुणी तिला दुसऱ्याच्या नावानं ओळखलं नव्हतं. लोक बाकीच्यांना ओळखायचे, कडूबाईचा कडुबा, कडूबाईचा राजकुमार म्हणून. तिनं त्या बाईच्या हातातून हात सोडवला. मग पदर खोचला आणि पोरींच्या घोळक्यात शिरली. घोळका बाजूला झाला. सगळ्यांना वाटलं, आता आजी नातीला पोटाशी धरणार.

"निशे," कडूबाई म्हणाली, आवाज असा की फाट्यापर्यंत जावा, "इकडं बघ. साऱ्या जन्माचं नाव कमावलेली बाई मी, आन तू एका दिवसात मला निशाची आजी करून टाकलीस. राग तर लई आलाय मला. पण खरं सांगते, ह्याच्याहून मोठं नाव मला कुणी दिलं नव्हतं."